तुरटच ठेवलीय

दिंडोरीजवळच्या एका शेतातल्या वायनरीत आम्ही काहीजण वाइनची चव घ्यायला गेलो होतो. पदर खोचून तिथल्या सुमनताई पेल्यांत वाइन ओतत होत्या. आमच्यातल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"मीच मालक. वाइनही मीच बनवते."

"बाईमाणसाने हे असलं काम..."

"द्राक्षं तोडायला बायाच लागतात, तेव्हा नाही कुणी विचारत," त्या शांतपणे म्हणाल्या आणि त्या गृहस्थांचाही पेला भरला.

मी घोट घेतला. "जरा तुरट आहे," मी भीतभीत म्हटलं.

"तुरटच ठेवलीय. गोड करा म्हणणारे रोज भेटतात."

समोरच्याला रुचावं म्हणून आयुष्यभर मी स्वतःचं बोलणं किती गोड केलं, ते आठवलं. मी पेला पुढे केला.

"अजून द्या," म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.