सहादूचा स

खाडीवर कोण हाक मारतं, वडाखाली कोण बसलेलं दिसतं... कोलशेतच्या आमच्या आगरी घरात हे ऐकतच मी वाढले आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ठाण्यात बीएस्सीला होते, विषय फिजिक्स. कोणी भुताखेताचं काढलं की मी सरळ उठून जायचे. तेव्हा 'बाईला भास झाला असेल' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा. माझं ते तुमच्या आधीच म्हणून झालंय.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्यात लग्नाला भटजीइतकीच धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. त्यात देवांना आमंत्रण असतं आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही ती नाव घेऊन मांडवात बोलावते. फक्त गेलेल्यांना. जिवंत माणसाचं नाव त्या ओळीत चुकूनही यायचं नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बायजाआजी धवलारीण होती, आणि माझ्या दादाने सगळं कॅसेटवर टेप केलेलं. त्यात आमच्या आजोबांना हाक आहे — "ये रं महादू बा, मांडवाचे दारी." आजोबा महादू. आणि माझा दादा सहादू.

पुढच्या वर्षी दादा अंथरुणाला खिळला. कावीळ उतरेना, पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, मागेल ते खायला घाला. वहिनीने हे मला सांगितलं, दादाला नाही. त्याला आम्ही 'बरा होशील' असंच म्हणत होतो, आणि तो 'हो' म्हणत होता.

"मला ती धवल्यांची कॅसेट लाव गो," तो एकदा म्हणाला. "आजीचा आवाज बरा वाटतो." दुपारी त्याची लहान मुलगी झोपलेली असायची, त्यामुळे टेप मोठ्याने लावायची सोय नव्हती. मित्राने दुबईहून आणलेला वॉकमन दादाकडे होता, पण त्याचं कानाला लावायचं कधीच तुटलेलं. मी ठाणे स्टेशनजवळून कानात बसणारे इयरफोन आणले आणि त्याला द्यायच्या आधी स्वतः लावून बघितले.

आवाज एकदम स्वच्छ. बेस नावालाही नाही, नुसता ट्रेबल. बायकांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. आणि मग आलं — "ये रं सहादू बा, मांडवाचे दारी."

टेप मागे घेऊन परत ऐकलं. सहादूच. मग स्वतःलाच झापलं, फिजिक्स शिकतेस ना, वापर की. म जाड, स बारीक. कॅसेटला मुळातच 'स्स' अशी खरखर असते. हे इयरफोन बारीक आवाज वर काढतात, ती खरखर म वर बसली आणि त्याचा स झाला. बरोबर? पण मग त्याच ओळीत मांडवाचा सांडव का झाला नाही? तिथे माझं फिजिक्स संपलं.

बायजाआजीकडे गेले. ती अंगणात जवळा वाळत घालत होती. माझं ऐकून तिने हातच थांबवला.

"मी जित्त्या मानसाचं नाव कशाला घेन गो? महादूच घेतलाय मी." मग म्हणाली, "सहादू कसा हाय?"

मी काहीतरी सांगून निघाले.

आता एकच ध्यास होता. दादाच्या कानात ते नाव पडायला नको. तो वाचणार नाही हे त्याच्यापासून लपवणं, एवढंच तर आमच्या हातात होतं. वॉकमन आणि कॅसेट पिशवीत टाकून मी दुकानं हिंडले. आधी ठाण्यात, मग डोंबिवलीला फडके रोडवर. प्रत्येक ठिकाणी इयरफोन लावायचे, तीच ओळ ऐकायची. सहादू. सहादू. एकात धड म नाही, धड स नाही. डोंबिवलीचा दुकानदार वैतागला.

"ताई, गिऱ्हाईक क्लियर आवाज मागतं. तुम्हाला दबलेला कशाला पाहिजे?"

"बेस जास्त द्या, ट्रेबल नको," मी म्हटलं. त्याला काय कप्पाळ सांगणार होते?

शेवटी कल्याणला एक जोडी मिळाली. गोधडीतून कोणी बोलतंय असा आवाज. महादू. मागे घेऊन परत ऐकलं, महादू. मला दुकानातच रडू फुटलं.

दुसऱ्या दुपारी दादाने ते कानात घातले. डोळे मिटून ऐकत होता, ओळींबरोबर ओठ हलवत होता. मी शेजारीच बसलेले. मग त्याने एका कानातला काढला.

"आजी मला कशाला बोलावते गो?"

"तुला नाही रे, आजोबांना." त्याच्याकडून घेऊन मी ती ओळ ऐकली. महादू. "म आहे, दादा. आईशप्पथ."

त्याने वाद घातला नाही. "तू शिकलेली," म्हणाला, "तुला बरोबरच ऐकू येणार." आणि हात पुढे केला. "दे इकडं. बोलावते तर ऐकू दे नीट."

त्याच आठवड्यात दादा गेला. मी बायजाआजीखेरीज कोणाला एक शब्द बोलले नव्हते, आणि ती त्या दिवसांत आमच्याकडे फिरकली नव्हती. म्हणजे दादाच्या डोक्यात ते कोणी घातलेलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपताना दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. बायजाआजी तोवर गेलेली, धवले म्हणणारी दुसरी कोणी मिळेना. वहिनीला मी मागेच सगळं सांगितलेलं. ती म्हणाली, "कॅसेटच लावूया की हळदीला. यांचं नाव हाय ना तिच्यात." इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा कोणाला आनंद झालेला मी पहिल्यांदा बघितला.

मी ते पहिले, ठाण्याचे इयरफोन शोधून काढले. खरखर तशीच, बांगड्या तशाच. "ये रं महादू बा." बाजारातले सगळ्यात क्लियर नवीन आणले. महादू. वहिनी दुपारभर ती एकच ओळ मागे घेत बसली.

"नाय येत ओ," ती म्हणाली. "आता तर यायला पायजे होतं."

तो स कुठून आला आणि कुठे गेला, मला आजही सांगता येत नाही. टेप ताणली, माझे कान वाजले, मन खचलेलं होतं... एकेक कारण लावून बघितलं, एकही पुरत नाही.

हळदीला कॅसेट लावली. देवांना बोलावलं, पणजोबांना बोलावलं, आजोबांना बोलावलं. ती ओळ संपली तशी वहिनी मांडवातून उठून आत गेली.