ए-वनची टाकी

गाव सोडलं त्या सकाळी वडील एसटीपर्यंत आले नाहीत. खाडीवर एका नव्या होडीच्या फळ्यांमध्ये ते तेलात भिजवलेला कापूस ठोकत होते. होडी पाण्यात सोडण्याआधी ते तिच्यातच काठोकाठ पाणी भरायचे आणि दिवसभर बाहेरून हात फिरवून कुठे ओल येते ते बघायचे. मी पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तितं पन पानी भरून बगल्याशिवाय काम देव नको."

पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा कारखाना नवा होता. मी रोजंदारीवरचा सुतार. 'ए-वन' हा शब्द पहिल्यांदा तिथेच ऐकला. आमच्या साहेबांचा चहा ए-वन, हवा ए-वन, माझं रंधाकामही ए-वन. गावी कौतुक म्हणजे वडिलांनी काही न बोलणं. इथे रोज पाठ थोपटली जाई. खरं सांगतो, मी हुरळलो. कायम झालो की क्वार्टर मिळणार होतं आणि आई-वडिलांना इकडे आणणार होतो.

मग पाण्याची मोठी लाकडी टाकी करायचं काम आलं. ती झाल्यावर पाणी भरून बघायला मी एक दिवस मागितला. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. साहेबांनी फळीवर टिचकी मारली.

"मिस्त्री, एकदम ए-वन झालीय. चढवा वर."

मी ती स्टोअरच्या माळ्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी टाकी गळली आणि खाली रचलेली औषधांची खोकी भिजून गेली. साहेबांनी सगळ्यांदेखत 'गावठी काम' म्हटलं आणि कायम करायच्या यादीतून माझं नाव गेलं.

आमच्या स्टोअरचे कारकून पूर्वी मुंबईच्या गोदीत होते. त्यांनी पुढे सांगितलं की हा शब्द मुळात जहाजांचा. विलायतेतले विमेवाले जहाजाचं अंग तपासून अक्षर देत आणि नांगर-दोर तपासून आकडा; दोन्हींत अव्वल ते ए-वन. मुदत संपली की पुन्हा तपासणी. ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे शब्द माझ्या बापाच्या धंद्यातला, आणि या लोकांनी तो काही न बघता वाटायला काढला. आणि मी, होड्या बांधणाऱ्याचा मुलगा, त्याला भुललो. साहेबांवरचा राग अजून गेलेला नाही, पण स्वतःवरचा त्याहून मोठा आहे.

तुम्ही गावाकडचे विचारता, तिकडे बस्तान बसलं का. बसलं. चिंचवडला वखारीत काम आहे, खोली आहे. वडिलांना मी सगळं खरं कळवलं होतं. गुरुजींकडून लिहून घेतलेलं त्यांचं उत्तर आलं: "टाकी गळली याचं काही नाही. तू पाणी भरून पाहिलं नाहीस." घरी ये, असं त्यात कुठेच नव्हतं.

घर म्हणजे आता एवढंच, जगातलं ते एकच ठिकाण जिथे तोंड दाखवायची मला लाज वाटते.