शेख गुरुजींचा दाढीचा आरसा

शेख गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून शाळा हा अंक काढते आहे. त्यात मोठमोठी माणसं लिहिणार. माझ्यासारख्या दुसरी शिकलेल्या बाईचं तिथं काय काम? पण आमची नात शाली म्हणाली, "आजी, आरशाचं तूच लिही." म्हणून लिहिते. चूकभूल पोटात घाला.

शाली तेव्हा पुनावळ्याहून चिंचवडला शाळेत पायी जायची आणि रोज उशिरा पोचायची. कारण मी. मला जवळचं दिसेनासं झालं होतं. कुंकू कधी भुवईवर, कधी पार केसात. आमचे हे विचारायचे, "आज चंद्र कुठल्या डोंगरावर उगवला?" सून पहाटेच शेतावर, मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात. मग माझी अंघोळ होईपर्यंत शाली थांबायची, कुंकू रेखायची आणि धावत सुटायची. पहिला तास बुडायचा, तोही नेमका गुरुजींचा, शास्त्राचा. "मी नापास होणार," म्हणून एकदा रडली. बिनकुंकवाची मी राहू कशी, आणि पोरीचं वर्ष घालवू कशी?

गुरुजींनी उशिराचं कारण विचारलं. छडी नाही, बोलणी नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा दाढीचा आरसा तिच्याबरोबर पाठवून दिला. बशीसारखा जरा खोलगट. मी तो खुंटीला टांगला, मागं सरले आणि बघते तर काय, मी उलटी! हनुवटी वर, कपाळ खाली! शेजारीण म्हणाली, "ह्यात कायतरी हाय बाई, परत धाडा." मी धाडला.

त्याच दिवशी ऊन कलताना गुरुजी आरसा घेऊन स्वतः चालत आमच्या दारी आले. हीच आमची पहिली भेट.

"आजीबाई, आरसा बरा आहे. तुम्ही लांब उभ्या राहिलात."

"लांबून तर समदं दिसतंय की!"

"दिसतं, पण उलटं. हळूहळू पुढं या."

गेले. उलटा चेहरा मोठा होत गेला, मग पार विरघळला. "थांबू नका," गुरुजी म्हणाले. आणखी पुढं झाले, आणि माझंच कपाळ, सुलटं, परातीएवढं!

"अगंबाई!"

दारातून हे म्हणाले, "गुरुजी, म्हातारी आता आरशापासून हलायची न्हाई."

गुरुजींनी अंगणात आरसा उन्हाला धरला. समोरच्या वाळक्या पानावर उजेडाचा ठिपका पडला, धूर निघाला. "खोलगट आरसा उजेड असा एका जागी गोळा करतो. त्या जागेच्या पलीकडून बघाल तर उलटं, अलीकडून बघाल तर सुलटं आणि मोठं." मग चुलीपुढं बसून चहा घेता घेता पळी दाखवली. पळीच्या पोटात आपण उलटे, पाठीवर सुलटे पण इवलेसे. अजूनही आमटी वाढताना मी आधी पळीत डोकावते. घरचे हसतात, हसू देत.

दुसऱ्या दिवसापासून कुंकू माझ्या हातानं, मधोमध. शाली वेळेवर गेली, पास झाली, आता स्वतः मुलांना शिकवते.

पुढं गुरुजींनी दाढी राखली. कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं देवाधर्माला लागले. मला खरं ठाऊक. मी आरसा परत द्यायला गेले, तेव्हा म्हणाले, "ठेवा. तुमचं कुंकू रोज लावावं लागतं. माझी दाढी काय, आपली आपण वाढते."

ती दाढी पांढरीशुभ्र होऊन छातीवर रुळेपर्यंत देवानं गुरुजींना धडधाकट ठेवावं. रोज सकाळी आरशाजवळ गेले की कुंकवाला बोट लावण्याआधी मी हेच मागते.