ऑक्सिजनची झडप

सौंसरला आमच्या घरी भात गॅसवर कधी पूर्ण शिजला नाही. दाणा जरा मऊ पडला की माय शेगडी बंद करायची आणि झाकणावर वजन ठेवायची. "वाफेवर होते. सिलेंडर काय रोज येते का?" त्याच भातावर मी एम.एस्सी. झाले, घरातली पहिली.

नागपूरच्या प्रयोगशाळेत माझं काम लोह-ऑक्साइडच्या एका स्फटिकावर होतं. नखाएवढा, काळपट लाल. तो घासायचा, नळीच्या भट्टीत ऑक्सिजन सोडून तापवायचा आणि अगदी वरच्या थरात अणू कसे बसले ते यंत्रात पाहायचं. पडद्यावर ठिपक्यांची स्वच्छ नक्षी यायला हवी होती. यायची ती पुसट, दुहेरी; त्यात दुसऱ्याच एका लोह-ऑक्साइडचे ठिपके मिसळलेले. मी घासायची पूड बदलली, तापमान बदललं, स्फटिक आम्लात धुतला. सरांनी मुदत वाढवून दिली, ते उपकार विसरणार नाही. पण प्रकल्पाचा निधी संपला होता. ऑक्सिजनचं हे शेवटचं सिलिंडर संपलं की माझी पीएच.डी.ही संपणार होती.

त्या दुपारी मायचा फोन आला.

"काय करून राहिली वं?"

"दगड तापवून राहिली."

"अजून तोच? शिजला नाही का वं तो?"

हसत हसतच मी भट्टी बंद केली आणि नेहमीसारखी लगेच ऑक्सिजनची झडपही बंद केली. "केलं बंद," म्हटलं.

"बरं केलं. बाकी वाफेवर होते."

फोन ठेवला, आणि बंद केल्यावरही भात शिजतच राहतो हे मनात येऊन मी नळीत वाकून पाहिलं. भट्टी बंद होती, पण स्फटिक अजून तापून लालबुंद होता. नळीला जोडलेला पंप आतली हवा ओढत होता. ऑक्सिजन मिळत नाही म्हटल्यावर तापलेला स्फटिक वरच्या थरातला आपलाच ऑक्सिजन सोडत होता. आत सगळं ठीक, फक्त वरचा थर त्या दुसऱ्या ऑक्साइडचा झालेला. दर वेळी गॅस वाचवला होता मी. दर वेळी.

भट्टी पुन्हा सुरू केली. या वेळी थंड होतानाही झडप उघडी ठेवली. सिलिंडरवरचा दाबाचा काटा उतरत गेला आणि शून्यावर टेकला. स्फटिक अजून केशरी होता. उरलासुरला ऑक्सिजन आत राहावा म्हणून पंप थांबवला, तर त्याच्या तेलाची वाफ उलटून स्फटिकावर बसते. तोही मार्ग नव्हता. सवयीने हात झडपेकडे गेला. बंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फोन परत वाजला. "झालं का वं?"

"थंड होऊन राहिला, माय."