मामाच्या हातची दोरी

मामा खरं तर एकाच मुलीचा मामा. ती लहान असताना बापाचा डबा घेऊन गोदीत यायची आणि फाटकापासूनच "मामा, मामा" करत सुटायची. तिचं ऐकून आम्हीही त्याला मामा म्हणू लागलो, मग साहेबापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळेच. ही एक हाक सोडली तर आम्ही त्या माणसाला काही दिलं नाही. उलट होतं ते काढून घेतलं. ते कसं, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मी काही साळसूद माणूस नाही. त्यामुळे झालं तसं सांगतो, माझी बाजू सावरत बसत नाही.

आम्ही पाणबुडे. जहाजांच्या बुडाला चिकटलेलं खरवडायचं, गोदीच्या दरवाजांचे साखळदंड बदलायचे, पाण्यात पडलेलं हुडकून काढायचं, ही आमची कामं. डोक्यावर तांब्याचा टोप, पायांत शिशाच्या तळव्यांचे बूट, टोपाला हवेची नळी, कमरेला दोरी. वर दोघांनी हवेचा पंप मारायचा आणि एकानं दोरी धरायची. खाली डोळ्यांपुढचा हातसुद्धा दिसत नाही आणि बोलण्याचा तर प्रश्नच नाही, म्हणून बोलायचं ते दोरीनं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे मला वर घे. दर पाच मिनिटांनी वरच्यानं एक हिसका द्यायचा आणि खालच्यानं एक परत द्यायचा.

मामा एकतीस वर्षांचा असल्यापासून दोरी धरायचा. काटकुळा, उंच, तळहात चामड्यासारखे. दोरी पायरीच्या कडेवर घासू नये म्हणून तो कडेखाली स्वतःचा सदरा काढून घालायचा आणि थंडीत बनियनवर उभा राहायचा. दोरी हातात असताना बोलायचा नाही, विडी ओढायचा नाही, माशी बसली तरी हाकलायचा नाही. "खाली शिंकला," असं एकदम म्हणायचा. वर आल्यावर आम्ही खालच्याला विचारायचो आणि तो खरंच शिंकलेला असायचा. आम्ही पैजा लावून बघितलं आहे. हे लक्षात ठेवा, कारण आम्ही ते सोयीनं विसरलो.

त्याचा पाणबुड्या म्हणजे त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो. टोप चढवण्याआधी हा गडी केस विंचरायचा. खाली मासे बघणार, तेही अंधारात, पण भांग सरळ पाहिजे. टोपाची मळसूत्रं आवळण्याचं काम मामाचं होतं. तो म्हणायचा, "झालं का सजून? बंद करू?" आणि मगच आवळायचा. दोघं एकाच घरात राहायचे, पुढच्या दोन खोल्यांत बहिणीचा संसार आणि मागच्या खोलीत बिनलग्नाचा मामा.

आमच्यात तीन हिसके देणं म्हणजे नाक कापून घेणं. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जो विनाकारण तीन देऊन वर आला त्याची आम्ही वर्षभर सालटी काढायचो. आम्ही एकमेकांना भाऊ म्हणायचो, आता भाऊ म्हटल्यावर भाऊबंदकी आलीच. एकदा नवरदेवानं तीन हिसके दिले. मामानं आणि आम्ही मिळून त्याला धडाधड वर ओढला. टोप काढला तर चेहरा पांढराफटक. म्हणाला, कुणीतरी पाय धरला होता. दुसरा पाणबुड्या खाली जाऊन तो "कुणीतरी" घेऊन आला. ती पाण्यानं फुगलेली जुनी गादी होती.

त्यानंतर आम्ही त्याला जगू दिलं नाही. तो समोरून आला की मी ओरडायचो, "एक, दोन, तीन," आणि तीनला सगळ्यांनी मिळून त्याला उचलायचं. ही युक्ती माझी. तो चहाला गेला तर चहावाला त्याचा सदरा तीनदा ओढून पेला पुढे करायचा. कपड्याच्या खुंटीवर कुणीतरी ती गादी टांगली आणि वर लिहिलं, "वहिनी." तो आधी हसला, मग हसल्यासारखं केलं, मग तेही बंद झालं. मामानं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की आता पुरे करा, तो रात्रीचा जेवत नाही. मी म्हटलं, नवरदेव आहे, रुसायचाच.

महिन्याभरानं तो मोठ्या दरवाजाचा साखळदंड सोडवायला खाली गेला. पंपावर मी होतो. अर्ध्या तासानं पंपाचा दांडा जड लागायला लागला. मी जोडीदाराला म्हटलं, आज नवरदेव हवा फार खातोय. मामा दोरी धरून उभा होता. त्यानं हिसका दिला, खालून एक परत आला. ठीक आहे. पाच मिनिटांनी पुन्हा दिला, पुन्हा एक आला. मामाला काहीतरी आवडलं नाही, तो म्हणाला, हात कापतोय त्याचा, आणि वेळ व्हायच्या आधीच त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा एक. त्यानंतर विचारलं तेव्हा काहीच आलं नाही. मामानं कुणाची वाट न बघता ओढायला घेतलं.

वर आला तेव्हा संपलेला होता. नळी साखळदंडाच्या दोन कड्यांत चेंगरली होती. दोन्ही हातमोजे फाटलेले आणि नखं निघालेली. म्हणजे हा माणूस तिथे पंधरा मिनिटं स्वतःच ती नळी सोडवत बसला होता, आणि वरून विचारलं की "ठीक आहे" म्हणत होता. तीन हिसके द्यायला त्याचा एक हात मोकळा होता. त्यानं ते दिले नाहीत. का दिले नाहीत, हे धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळलं. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत त्याचे बूट सोडत राहिलो.

आता आमची एक यादी असते. कामावर असताना मेलेल्या पाणबुड्यांची नावं एका जाड वहीत लिहिलेली आहेत. वर्षातून एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शेडमध्ये जमतो. आढ्याच्या कप्पीवरून एक दोरी खाली सोडलेली, तिच्या दुसऱ्या टोकाला घंटा. आमच्या संघटनेचा चिटणीस, म्हणजे मी, एकेक नाव वाचतो. नाव वाचलं की त्याची दोरी धरणारा पुढे येतो आणि एक हिसका देतो. घंटा वाजते. ठीक आहे. बस, एवढंच. ना भाषण, ना हार. पण मी मोठमोठ्या दांडग्यांना त्या एका ठोक्याला ओठ चावताना बघितलं आहे.

यादीचे नियम दोन. स्वतःच्या चुकीनं मेला त्याचं नाव चढत नाही. आणि ज्याची दोरी ओढणारा उरला नाही त्याचं नाव खोडतात. मात्र दुसऱ्या कुणी उठून "ही दोरी माझी" असं म्हटलं तर नाव राहतं. असं कितीतरी वेळा झालं होतं. एका चोरट्याची दोरीसुद्धा आमच्यातल्या एकानं आपली म्हणून घेतली होती.

नवरदेव गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चौकशी बसली. अध्यक्षांनी मामाला विचारलं, त्यानं तीन दिले का? मामा म्हणाला, "नाही दिले. शेवटपर्यंत ठीक आहे म्हणत होता."  पुढचा प्रश्न होता, का दिले नाहीत, आणि त्याचं उत्तर म्हणजे बाकांवर बसलेले आम्ही सगळे. अध्यक्षांनी घाईघाईनं बैठक उद्यावर ढकलली.

त्या दुपारी मी मामाला गाठलं. पाणी भरायच्या टाकीपाशी तो नवरदेवाचे बूट धूत बसला होता. मी त्याला गोड शब्दांत नियम समजावला. हिसके दिले नाहीत म्हणजे चूक त्याची. चूक त्याची म्हणजे नाव नाही, घंटा नाही. तुझ्या बहिणीला काय सांगशील, नवरा घाबरून मेला? मात्र हिसके दिले आणि वरच्याला कळले नाहीत, तर गोष्ट वेगळी. मामानं बुटातलं पाणी ओतलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळत होतं. मला नाव वाचवायचं नव्हतं, मला मला वाचवायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "दिले असतील. माझं लक्ष नव्हतं."

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. जो तो त्याच्यावर तुटून पडला. जितका ज्याचा आवाज गादीच्या वेळी मोठा होता, तितका आता मोठा झाला. कुणी म्हणालं डुलकी लागली असेल, कुणी म्हणालं पिऊन होता. जो मामा आयुष्यात पाण्याशिवाय काही प्यायला नव्हता, तो महिन्याभरात गोदीभर दारुडा ठरला. दोरी त्याच्याकडून काढून घेतली आणि पोशाख धुवायच्या कामावर बसवलं. बहिणीनं त्याचं अंथरूण रस्त्यावर टाकलं. ती म्हणाली, "माझ्या मुलीला मामा नाही." त्यानं अंथरूण उचललं आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेला.

नाव मात्र यादीत चढलं. पहिल्या वर्षी मी ते वाचलं आणि मामा पुढे आला. त्यानं दोरीला हात लावला तशी मागून कुणीतरी सुरुवात केली, "एक." मग सगळे, "दोन, तीन." तुला जे तीन कळले नाहीत ते हे घे, असा त्याचा अर्थ. ज्या आरोळीनं आम्ही एकाला मारलं तीच दुसऱ्याला पुरवून वापरत होतो. मामा आरोळी संपेपर्यंत थांबला, एक हिसका दिला, आणि जाऊन पोशाखांच्या खोलीत बसला. मी पुढचं नाव वाचलं.

अशी चौदा वर्षं गेली. आला नसता तर सुटला असता, पण मग नाव खोडलं गेलं असतं, म्हणून दर वर्षी यायचा. धुतलेला सदरा घालून, सगळ्यांत मागे. वर्षातले बाकीचे दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि त्या दिवशी सगळे मिळून बोलायचे ते हे असं. नवीन आलेल्यांना तर खरं काय ते माहीतही नव्हतं. त्यांना तो एक ठरलेला गमतीचा भाग वाटायचा. मी त्यांना कधी सांगितलं नाही. सुरुवातीला भीतीनं, आणि नंतर खरं सांगायचं तर सवयीनं.

पंधराव्या वर्षी मामाला झटका आला. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू गेली. तरी त्या सकाळी तो आला, भिंतीला धरत, पाय ओढत. मी नाव वाचलं. तो दोरीपाशी पोचेपर्यंतच आरोळी तीनदा म्हणून झाली. त्यानं डाव्या हातात दोरी घेतली आणि ओढली. कप्पी कुरकुरली, घंटा वाजली नाही. त्यानं दोरी मनगटाला गुंडाळली आणि अंगाचा भार टाकला. पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आला. हसू आलं काहीजणांना, मग तेही थांबलं. त्यानं गुडघ्यावरूनच मान वळवून माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे.

मला तीनच शब्द बोलायचे होते. ही दोरी माझी. तोंडापर्यंत आले होते, खोटं सांगत नाही. पण मी ते बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, तुझी कशी? दोरी तर याची होती, तू तर पंपावर होतास. मी मान खाली घातली आणि पुढचं नाव वाचलं.

सगळे गेल्यावर मी वही उघडून बसलो. नवरदेवाच्या नावावर रेघ मारली. रेघेपुढे कारण लिहायची जागा असते. मामा भिंतीला टेकून उभा होता. अर्ध्या तोंडानं बोलत होता, पण मला शब्द न् शब्द कळला.

"नाव गेलं ना आता?"

मी म्हटलं, गेलं.

"मग खरं कारण लिही. त्यानं तीन दिलेच नव्हते. आता कुणाचं काही जात नाही. मला तरी सोडव."

मी म्हटलं, मामा, वहीत ठरलेले शब्द असतात, मनाचं लिहिता येत नाही. हे खोटं होतं. त्या जागेत काय वाटेल ते लिहिता येतं, माझ्या आधीच्या चिटणीसानं पानपानभर लिहून ठेवलं आहे. मी टाक बुडवला आणि लिहिलं, "दोरी धरणारा कुणी उरला नाही." त्यानं वाकून ते वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं.

खोडलेल्या नावाखाली साक्षीदाराची सही लागते. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, आणि त्याचा लिहिता हात चालत नव्हता. तेव्हा मी त्याचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि त्या ओळीखाली दाबून उमटवला.