ब्लायटर

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आता विचारायला तोंडही उरलेलं नाही. इंग्रजांच्या अमदानीत तो माळी अमरावतीच्या कॅम्पात साहेबांच्या बंगल्यांवर भाजी पोचवी. एकेक वांगं धोतराच्या सोग्यानं पुसून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देई.

एकदा त्यानं मला रस्त्यात थांबवलं. "मास्तर, साहेब मले रोज ब्लायटर म्हनते. त्याचा अर्थ काय जी?"

मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो, पण हा शब्द माझ्या एकाही पुस्तकात नव्हता. ठाऊक नाही म्हणायला जीभ रेटेना. "सचोटीचा माणूस," मी ठोकून दिलं. त्यानं टोपली खाली ठेवली आणि मला हात जोडले.

साहेब त्याला रोज हलकट म्हणतो, हे मला पुढे एका वकिलाकडून कळलं. तरी मी त्या माळ्याला काही सांगितलं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी तो गिऱ्हाइकांना सांगताना दिसला, "खुद्द साहेब मले ब्लायटर म्हनते, मी किडकं वांगं देईन काय?" समोरचे दोन वकील पोट धरून हसले.

"हासता काहून? त्या मास्तरले इचारा!"

वकील माझ्याकडे वळले. मी छत्री उघडून झपाझप चालू लागलो.

"मास्तर," मागून त्याची हाक आली, "सांगा ना जी या वकिलायले!"