हत्तीच्या पायाखालचं हिरवं

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. साखरा गावच्या आमच्या शेतात नांगरताना सासऱ्यांना एक जुनं नाणं सापडलं. एका बाजूला हत्ती आणि सगळं अंग गर्द हिरवं. तांबं वर्षानुवर्षं मातीत राहिलं की त्यावर असा थर चढतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. धातूच हिरवा आहे, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं आणि नाणं देवघरात बसवलं.

दिवाळीला मी सकाळीच माहेरी, कनेरगाव नाक्याला गेले. त्याच संध्याकाळी सासरे पूजेला बसले, तर देवघरात लालभडक नाणं. खरं कोणीतरी लांबवलं, असं त्यांचं म्हणणं. कोणीतरी म्हणजे कोण, हे कोणी बोललं नाही, पण त्या दिवशी घराबाहेर गेलेली मी एकटीच. परत आले, तर माझ्याशी कोणी धड बोलेना. मी न्हाणीत गेले की माझ्या ट्रंकेची कडी वाजायची. असा संताप यायचा की भाकरी थापताना परात हादरायची. मग मीही एकेकावर संशय घेऊ लागले, सासऱ्यांवरसुद्धा.

संक्रांतीला थोरल्या जावेने माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढलं. त्याच्या बुडाला तसंच हिरवं चढलेलं. तिने चिंचेचं पाणी ओतलं, राखेने घासलं आणि बूड लाल झालं. मी तिचा हात धरला. दिवाळीला देव उजळताना नाणंही चिंचेत टाकलं होतं का, म्हणून विचारलं.

"व्हय, समद्या देवासंगं, न बघताच. पाण्यातून लालच निघालं. मला वाटलं, तू जाताना बदललंस."

तिच्याशी भांडायलाही मी थांबले नाही. देवघरातलं नाणं उचलून खिडकीशी नेलं. हत्तीच्या पायाखालच्या खाचेत कणभर हिरवं शिल्लक होतं.

"मामा, हे बघा," मी सासऱ्यांना म्हणाले.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. मग नाणं कोरड्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "तूच ठेव. कोणाला घासू देऊ नको."

मी ते माझ्या ट्रंकेत ठेवलं. पुढे दर सणाला सासरे ते मागून घ्यायचे आणि उलटसुलट करून बघायचे. हिरवं परत चढतंय का ते बघतात, असं नवरा म्हणायचा. मला मात्र वाटायचं, नाणं तेच आहे ना, एवढंच ते बघतात.